सर्कल लहान झाले, धोका लहान झाला का?



मंडळाच्या बैठकीत बहुधा वर्गणीचा, नाहीतर गणेशोत्सवाच्या तयारीचा विषय निघतो. यावेळी मात्र अर्धी बैठक सर्कलवरच गेली. गेल्या काही वर्षांत सुरतेत कुठे मोठ्या सर्कलचा घेर कमी झाला, कुठे सर्कल काढून सिग्नल लागले, कुठे मेट्रोच्या कामामुळे चौकाचे रूपच पालटले. आपल्या डिंडोलीतही कोणत्याही चार रस्त्यावर सकाळ-संध्याकाळी कोंडी झाली की कुणीतरी म्हणतेच, "हे सर्कल काढून टाका, नुसती अडचण आहे." त्यावर दुसरा म्हणतो, "काढलं तर गाड्या सुसाट सुटतील, मग बघा."

बैठकीत दोन्ही बाजूंनी बराच वेळ वाद झाला. शेवटी एक काकू म्हणाल्या, "सर्कल ठेवा नाहीतर काढा. मला समोरच्या बाजूला भाजी आणायला जायचं असतं. मी रस्ता कसा ओलांडायचा, तेवढं सांगा." यावर सगळेच गप्प झाले. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

सर्कल नेमके करते काय?

साधा चार रस्ता घ्या. चारही बाजूंनी गाड्या येतात. कुणी सरळ जातो, कुणी डावीकडे वळतो, कुणी उजवीकडे. या सगळ्यांच्या वाटा कागदावर काढल्या तर त्या एकमेकींना 32 ठिकाणी भेटतात. म्हणजे टक्कर होऊ शकेल अशा 32 जागा. त्यांपैकी 16 ठिकाणी एक वाट दुसरीला आडवी छेदते. गाडीच्या बाजूवर दुसरी गाडी थेट आदळते ती इथेच, आणि माणसे दगावतात तीही बहुतेक इथेच.

त्याच चौकात एकपदरी सर्कल केले तर या 32 जागांच्या 8 होतात. आडव्या छेदाची एकही उरत नाही, कारण सगळेच एका दिशेने फिरतात. टक्कर झालीच तर ती तिरकी, घासून जाणारी होते. पण सर्कलचा याहून मोठा उपकार असा की वेग कमी केल्याशिवाय त्यात शिरताच येत नाही. अर्थात ते नीट बांधलेले असेल तर.

अमेरिकेत वीसहून अधिक चौकांत सिग्नल किंवा थांबा-फलक काढून आधुनिक पद्धतीची सर्कल बांधली आणि आधीच्या-नंतरच्या अपघातांची तुलना केली. माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. एकूण अपघात मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपासच कमी झाले. म्हणजे गाड्या घासण्याचे, बंपर तुटण्याचे प्रकार बरेचसे चालूच राहिले. माणसांचे मरणे आणि जायबंदी होणे कमी झाले. सर्कलकडून अपेक्षा ठेवायची ती हीच.

मग आपल्याकडे असे का होत नाही?

याचे पहिले कारण नियमाचे आहे. ब्रिटनमध्येही एके काळी सर्कलमध्ये आपल्यासारखीच कोंडी व्हायची. आत कोण आधी जाणार हे ठरलेले नसल्याने जो तो घुसायचा आणि सर्कल जाम व्हायचे. 1966 मध्ये तिथे नियम झाला, की सर्कलमध्ये शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच आत फिरत असलेल्याला, वाट द्यायची. तेवढ्या एका नियमाने सर्कलचा स्वभाव बदलला. आत शिरण्यासाठी थांबावे लागल्याने वेग उतरला, आणि आतल्याला निघायला जागा मिळाल्याने कोंडीही सुटू लागली.

आपणही डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचे तत्त्व आपल्या वाहतूक नियमांतही आहे. पण खरे सांगा, गाडी शिकताना आपल्यापैकी किती जणांना हे कुणी शिकवले? आपल्याकडचा न लिहिलेला नियम असा, की ज्याचे पुढचे चाक आधी आत त्याचा हक्क. मोठ्या गाडीला लहान गाडी वाट देते, रिक्षा हॉर्न देत घुसते आणि मोपेडवाला जिथे फट दिसेल तिथून निघतो. बांधकाम सर्कलचे, पण वागणूक उघड्या चौकाची, असा प्रकार होतो.

घेर मोठा की लहान, हा खरा प्रश्न नाही

दुसरे कारण रचनेचे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने सर्कलविषयी 1976 मध्ये शिफारशी केल्या आणि 2017 मध्ये त्यांची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. जुन्या शिफारशींनुसार सर्कल चालते ते सगळ्या बाजूंनी मिळून तासाला सुमारे 3,000 वाहनांपर्यंत, आणि चारही रस्त्यांवरची वर्दळ साधारण सारखी असेल तेव्हा. शहरातल्या सर्कलसाठी वेग धरला जातो तो ताशी 30 किलोमीटर.

वर्दळ या मर्यादेपलीकडे गेली की सर्कल तुंबते आणि सिग्नलची गरज भासते. सर्कलांसाठी प्रसिद्ध असलेल्या चंदीगडातही पुढे अनेक सर्कलांवर सिग्नल लावावे लागले. तेव्हा सर्कलऐवजी सिग्नल आला तर त्यात चुकीचे काहीच नाही. चूक होते ती सर्कलचा घेर कमी करताना बाकीचा रस्ता तसाच रुंद ठेवण्यात.

समजा, सर्कल खूप मोठे आहे आणि त्याने सगळी जागा खाल्ली आहे. घेर कापल्यावर रस्त्याला जागा मिळाली, गाड्या लवकर निघू लागल्या, सगळे खूश झाले. पण आता मधला गोल इतका लहान की येणाऱ्या गाडीला वळावेच लागत नाही. हँडल जरासे कलते केले की ती सरळ पार होते. आधी पंचविसाच्या वेगाने जाणारी मोटारसायकल आता पन्नासच्या वेगाने जाते. वाहतूक सुरळीत झाली खरी, पण ती सुरक्षित झाली का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा पहिलीची किंमत दुसरीतून वसूल होते.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 8 मीटर जाते, 50 ने जाणारी जवळजवळ 14 मीटर. समोर मूल आले हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एक सेकंद जातो. त्या सेकंदात वेगवान गाडी 6 मीटर जास्त पुढे आलेली असते, आणि तिचा धक्काही कितीतरी जबर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो.

म्हणून सर्कलचा घेर किती फूट आहे यापेक्षा सर्कलच्या तोंडाशी गाडीला वळावे लागते का, हे पाहायला हवे. लहान सर्कलही चांगले काम करते, पण त्यासाठी आत शिरण्याचे तोंड अरुंद हवे, तिथे गाडीला वळवणारा दुभाजक हवा, आणि गोलाभोवती थोडा उंच, खडबडीत पट्टा हवा. बस किंवा लांब ट्रकचे मागचे चाक गरज पडल्यास त्या पट्ट्यावरून जाते. मोपेड-मोटारसायकल त्यावर चढायचे टाळते. अशाने मोठी गाडी अडकत नाही आणि लहान गाडी सुसाट सुटत नाही.

दुचाकी आणि पायी चालणारे

परदेशातले आकडे सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. तिथले बहुतेक लोक चारचाकीत असतात. आपल्याकडे सकाळी पांडेसरा, उधना, सचिनच्या मिलांकडे निघणारा माणूस मोटारसायकलवर, शेअर रिक्षात किंवा पायी असतो. रात्रपाळीहून परतणारा झोपेने पेंगुळलेला असतो. त्याच वेळी शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन निघतात.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात 91 सर्कलांचा अभ्यास झाला. एकूण जखमींचे अपघात कमी करणाऱ्या याच उपायाने सायकलस्वारांचे जखमी होण्याचे अपघात मात्र 27 टक्क्यांनी वाढलेले आढळले. सर्कलमधून बाहेर पडणारा मोटारचालक वळताना कडेच्या सायकलस्वाराला पाहत नाही, हे अशा अपघातांचे नेहमीचे स्वरूप. भारताचा विचार करताना सायकलच्या जागी दुचाकी ठेवून बघा. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर दगावली. त्यांत दुचाकीवरचे 44.5 टक्के आणि पायी चालणारे 19.5 टक्के. म्हणजे तिघांत जवळपास दोघे असे, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचेही कवच नव्हते. त्याच वर्षी एकट्या गुजरातेत 7,618 जीव गेले.

पायी चालणाऱ्यासाठी सर्कल ही विचित्र जागा असते. सिग्नलवर निदान लाल दिवा लागतो. सर्कलवर गाड्या थांबतच नाहीत. सर्कलच्या तोंडापासून एक-दोन गाड्यांच्या लांबीइतके मागे झेब्रा पट्टे असावेत आणि मधल्या दुभाजकात उभे राहायला जागा असावी. म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या गाड्यांकडे पाहून अर्धा रस्ता ओलांडता येतो, मग क्षणभर थांबून उरलेला अर्धा. झेब्रा पट्टा रस्त्यापेक्षा थोडा उंच केला तर गाडीवाल्यालाही वेग कमी करावाच लागतो. काकूंच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एवढेच आहे, आणि त्याला उड्डाणपुलाइतका खर्चही लागत नाही.

गावाकडचे दोन धडे

आपल्यातले बरेच जण वर्षातून एकदोनदा तरी जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा नाशिककडे जातात. तिथले दोन अनुभव आपल्याला उपयोगी पडतील.

जळगाव शहराच्या मधून महामार्ग जातो. तो चौपदरी झाला तेव्हा काही ठिकाणी भुयारी मार्ग आले, तर आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली अशा ठिकाणी सर्कल. महामार्गावरून ट्रक-ट्रेलरांची न संपणारी रांग येते आणि बाजूच्या रस्त्यावर कॉलेजला निघालेली मुलगी मोपेडवर उभी असते. सर्कलचे गणित चारही बाजू साधारण सारख्या असतील असे धरून मांडलेले असते. इथे तसे नसते, त्यामुळे तिला आत शिरायला फट मिळत नाही आणि अखेर ती धाडस करते. अशा जागी मोठी वाहतूक बाहेरून नेणे हाच मुळातला उपाय. पाळधी ते तरसोद हा बाह्यवळण रस्ता आखला गेला तो त्यासाठीच. डिंडोलीतून कापड आणि बांधकामाचे सामान नेणाऱ्या टेम्पो-ट्रकांच्या बाबतीतही हेच लागू आहे. शाळेच्या वेळी ती वाहने कोणत्या रस्त्याने जावीत, हे ठरवल्याशिवाय नुसते सर्कल बदलून भागत नाही.

दुसरा धडा नाशिकचा. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली. बसने पेट घेतला आणि 12 जणांचा बळी गेला. त्यानंतर शहरातल्या अपघातप्रवण चौकांची पाहणी झाली, उपाय सुरू झाले. या घटनेतून लक्षात ठेवायचे ते असे, की चौक धोक्याचा असतो तो केवळ गर्दीच्या वेळी नव्हे, तर रिकामा असतानाही. गर्दीत कुणी वेगाने जाऊच शकत नाही. पहाटे साडेचार-पाचला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो, पोलीस नसतो, आणि दोन्हीकडचा चालक समजतो की आपल्यालाच रस्ता मोकळा आहे. नीट बांधलेले सर्कल मात्र पहाटेही जागेवर असते आणि दोघांनाही वेग कमी करायला लावते. सर्कल काढून टाका म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याकडून काय होते, तेही पाहू

महापालिका आणि पोलीस यांच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. म्हणून थोडे आपल्याविषयी.

सर्कलच्या तोंडाशी उजवीकडून काय येते आहे हे दिसणे हीच सुरक्षेची पहिली अट. आणि त्याच जागी बॅनर लावतो कोण? वाढदिवस, निवड, स्वागत, दहीहंडी, नवरात्र... त्यांतले काही बॅनर आपल्याच मंडळांचे असतात. बॅनरच्या मागून मोपेड येत असेल तर ट्रकवाल्याला ती दिसत नाही आणि मोपेडवालीला ट्रक दिसत नाही. महाराजांचे किंवा कुणा थोर पुरुषाचे नाव सर्कलला मिळावे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण त्याच नावाच्या चौकात आपल्या मुलाचा अपघात झाला तर त्या नावाचा मान राहिला असे कसे म्हणायचे?

उलट्या दिशेने येणे ही दुसरी गोष्ट. सर्कलला पूर्ण वळसा नको म्हणून शंभर-दीडशे मीटर वाचवायला आपण उजव्या बाजूने निघतो. वर सांगितलेला 32 जागांच्या 8 होण्याचा सगळा हिशेब सर्वजण एकाच दिशेने फिरतात या एका गोष्टीवर उभा आहे. एकजण उलटा आला की तो हिशेब त्या क्षणी मोडतो.

तिसरी गोष्ट रिक्षा आणि लाऱ्यांची. सर्कलच्या तोंडाशीच प्रवासी चढतात-उतरतात, तिथेच भाजीची लारी उभी असते. त्यांचे पोट त्यावर चालते, तेव्हा "हटवा" म्हणून विषय संपत नाही. पन्नास पावले पुढे त्यांना पक्की जागा द्या, ही मागणी आपण त्यांच्या बरोबरीने करायला हवी.

आणि हेल्मेट. फेब्रुवारी 2025 पासून सुरतेत त्याची सक्ती कडक झाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी कुरकुर केली. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या 50,029 माणसांचा दुचाकी अपघातात मृत्यू झाला. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. मागे बहुधा पत्नी असते किंवा मूल असते. घरात हेल्मेट एकच आणि ते घरधन्याच्या डोक्यावर, हे आपण किती दिवस चालवायचे?

मागायचे काय?

आपल्या भागात कोणत्याही चौकाची रचना बदलणार असेल तर नगरसेवक आणि महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे मंडळाने लेखी विचारावे, असे आम्हाला वाटते. मागणी "सर्कल ठेवा" किंवा "सर्कल काढा" अशी नको. प्रश्न विचारावेत:

1. बदलानंतर गाड्या चौकात किती वेगाने शिरतील? वेग उतरवण्यासाठी तोंडाशी काय केले आहे?

2. झेब्रा पट्टे कुठे असतील, आणि मध्ये थांबायला जागा आहे का? म्हातारे माणूस आणि लहान मूल यांना अर्ध्यात उभे राहता येईल का?

3. रात्री चौकात आणि झेब्रा पट्ट्यावर पुरेसा उजेड असेल का?

4. पक्के बांधकाम करण्याआधी पांढरे पट्टे, शंकू आणि बॅरिकेड लावून काही आठवडे प्रयोग करून पाहता येईल का? चुकले तर तेवढ्यातच दुरुस्त होते. काँक्रीट झाल्यावर कुणी मोडत नाही.

5. अपघातांची नोंद आधीच्या तीन वर्षांची आणि नंतरच्या तीन वर्षांची अशी मांडली जाईल का?

शेवटचा प्रश्न थोडा समजून घ्यायला हवा. एखाद्या वर्षी चौकात दोन-तीन मोठे अपघात झाले की बदलाची मागणी होते. पण एका चौकातले असे अपघात वर्षागणिक कमी-जास्त होतच असतात; काहीच केले नसते तरी पुढच्या वर्षी कदाचित ते कमी झाले असते. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून "बघा, फरक पडला" किंवा "बघा, काही उपयोग झाला नाही" म्हणणे दोन्ही घाईचे. बदलाचा गुण कळायला काही वर्षांची नोंद लागते, आणि ती नोंद लोकांसमोर असावी लागते.

एक काम मात्र कुणाच्या मंजुरीविना आजच होऊ शकते. या गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा एकही बॅनर, एकही कमान कोणत्याही सर्कलच्या तोंडाशी नसेल, आणि वर्गणीला घरोघरी जाताना सर्कलमध्ये उजवीकडच्याला आधी वाट द्यायची हे आपण सांगू. तरुण कार्यकर्त्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी आळीपाळीने झेब्रा पट्ट्यावर उभे राहायची तयारी दाखवली आहे. वाहतूक पोलिसांशी बोलून ते कसे जमवायचे हे पुढच्या बैठकीत ठरवू.

त्या बैठकीला काकूंनाही आवर्जून बोलावले आहे. नकाशा समोर ठेवून पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा, अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे. ज्या चौकात काकूंना पिशवी घेऊन, न धावता पलीकडे जाता येईल, तो चौक आपल्या सगळ्यांसाठी सुरक्षित झाला असे म्हणता येईल.